आधी भिंग, मग डबा

बँकेत असताना कर्जाचा अर्ज घेऊन माणूस समोर बसला की मी पहिला प्रश्न एकच विचारत असे : कशासाठी? ट्रॅक्टर हवा, ठीक. पण जमीन किती? विहिरीला पाणी किती महिने असते? शेजारच्याने घेतला म्हणून आपणही घ्यायचा, एवढेच कारण असेल तर ते चेहऱ्यावर लगेच दिसे. अशी कितीतरी प्रकरणे मी परत पाठवली आणि त्यापायी शिव्याही खाल्ल्या. पण २०१८ साली निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी कॅमेरा घ्यायची वेळ आली, तेव्हा हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. ग्रॅच्युइटीचे पैसे नुकतेच खात्यात पडले होते, दुकानातला मुलगा दर वाक्याला ‘सर’ म्हणत होता, आणि ‘फुल फ्रेम’ हा शब्द कानाला भरभक्कम वाटत होता. आयुष्यभर ‘हाफ पे लीव्ह’चे हिशेब केलेल्या माणसाला ‘फुल’ या शब्दाचे आकर्षण वाटले तर नवल नाही. एक बॉडी आणि दोन झूम घेऊन मी घरी आलो. पिशवी काट्यावर ठेवली. चार किलोला थोडी कमी.

२०१९ च्या गणपतीला राजापूरकडे आमच्या घरी जाताना ती पिशवी ठाण्याच्या कपाटातच राहिली. कोकण रेल्वेतली गर्दी, हातात मोदकाचे साहित्य, खांद्याचे जुने दुखणे. कारणे सगळी खरी होती. संध्याकाळी आरतीला वीज गेली. समईच्या उजेडात दादा घंटा वाजवत उभे होते. मी खिशातला फोन काढून फोटो घेतला. त्यात घंटेच्या जागी एक पिवळा फराटा आहे आणि दादांचा चेहरा मेण वितळावे तसा पसरला आहे. पुढच्या वर्षी टाळेबंदीत दादा गेले. आम्ही कोणी पोचू शकलो नाही. आरतीच्या ताटासमोर उभे असलेल्या दादांचे घरात आज तेवढेच एक चित्र आहे.

हे सांगितले ते सहानुभूतीसाठी नव्हे. कपाटातला तो मोठा कॅमेरा त्या समईच्या उजेडात खरोखरच उत्तम चालला असता. दुकानातल्या मुलाने खोटे काहीच सांगितले नव्हते. म्हणून हा हिशेब सरळ नाही, आणि म्हणूनच तो मांडायला हवा. आज मिररलेस कॅमेरा घेऊ पाहणारे अनेकजण, विशेषतः माझ्या वयाचे, याच फेऱ्यातून जाताना मी पाहतो.

सुरुवात ‘फुल’ या शब्दापासून करू. ३६ बाय २४ मिलिमीटर या चौकटीत निसर्गाने ठरवून दिलेले काहीही नाही. सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म बाजारात तयार मिळत होती. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाकने ती फिल्म आडवी फिरवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट केली. १९२५ च्या लाइपझिग जत्रेत तो कॅमेरा ‘लायका’ या नावाने लोकांसमोर आला. त्या काळी गंभीर छायाचित्रकार काचेच्या मोठ्या प्लेटा वापरत. त्यांच्या दृष्टीने ही चौकट म्हणजे टपाल तिकीट होते. आपल्या होमाई व्यारावाला दिल्लीत जो स्पीड ग्राफिक घेऊन फिरत, त्याच्यापुढेही ती चिमुकलीच. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जी ‘लहान’ होती तीच आज ‘पूर्ण’ झाली आहे. शब्दांचे असे भाव चढलेले मी शेअर बाजारातही पाहिले आहेत.

आता तिच्याहून लहान कोण ते पाहू. १९५९ साली ऑलिम्पसच्या योशिहिसा मैतानी या तरुण अभियंत्याने ‘पेन’ नावाचा कॅमेरा केला. त्यात चौकट पुन्हा सिनेमाएवढी, म्हणजे १८ बाय २४. छत्तीस फोटोंच्या रोलवर बहात्तर फोटो! कॅमेरा स्वस्त असावा ही अट होती, पण मैतानीने आधी चांगल्या भिंगाचा आग्रह धरला आणि मग उरलेल्या खर्चात बाकीचा डबा बसवला. हा क्रम लक्षात ठेवावा. पुढे कामाला येईल. २००८ मध्ये ऑलिम्पस आणि पॅनासोनिक यांनी मिळून ‘मायक्रो फोर थर्ड्स’ ही पद्धत जाहीर केली. तिचा सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटरचा. आरसा काढून टाकल्यामुळे भिंग आणि सेन्सर यांच्यातले अंतर वीस मिलिमीटरच्या आसपास आले आणि कॅमेरा कोटाच्या खिशापर्यंत पोचला. या दोघांच्या मध्ये एपीएस-सी, साधारण २३.५ बाय १५.६. आणि ‘एक इंची’ म्हणून जो सेन्सर विकतात तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून ते नाव पडले. एक इंच मोजायला जाल तर सापडणार नाही.

क्षेत्रफळ काढा. फुल फ्रेम ८६४ चौरस मिलिमीटर, एपीएस-सी सुमारे ३६६, मायक्रो फोर थर्ड्स सुमारे २२५. सेन्सर म्हणजे अंगणात ठेवलेली परात समजा आणि प्रकाश म्हणजे पाऊस. तेवढ्याच पावसात मोठ्या परातीत पाणी जास्त साचणार. फुल फ्रेममध्ये मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळजवळ चौपट प्रकाश जमतो. छायाचित्रणाच्या भाषेत दोन स्टॉपचा फरक. अंधारात चित्र रवाळ होते ते याचमुळे. हे भौतिकशास्त्र आहे आणि कोणत्याही जाहिरातीने ते बदलत नाही.

पण जाहिरात जिथे हात मारते ती जागा वेगळी. लहान सेन्सरचे भिंग विकताना सांगतात, २५ मिलिमीटर म्हणजे ‘५० मिलिमीटरसमान’. बरोबर, दृश्य तेवढेच दिसते. मात्र शेजारचा एफ १.८ हा आकडा तसाच ठेवतात. शटर किती वेळ उघडे ठेवायचे या हिशेबात एफ १.८ म्हणजे सगळीकडे एफ १.८च, वाद नाही. पण मागची भिंत किती धूसर होणार आणि एकूण प्रकाश किती जमणार, या हिशेबात तो फुल फ्रेमवरच्या एफ ३.६ सारखा वागतो. नफा दुणा करून सांगायचा आणि तोटा मूळ आकड्यात दाखवायचा, असा ताळेबंद माझ्या टेबलावर आला असता तर मी लाल शाईने परत पाठवला असता.

उलट बाजूची लबाडीही सांगतो. ‘आता फुल फ्रेमही लहान झाले’ असे म्हणतात. २०२० साली आलेला सोनीचा ए७सी बॅटरीसकट ५०९ ग्रॅमचा आहे, म्हणजे खरोखर लहान. पण डबा लहान करता आला तरी भिंगाला ४३ मिलिमीटर कर्णाची चौकट झाकावीच लागते. सोनीच्या पहिल्या २४-७० एफ २.८ झूमचे वजन ८८६ ग्रॅम. ऑलिम्पसचा १२-४० एफ २.८ तेवढेच दृश्य, किंबहुना थोडे जास्त, ३८२ ग्रॅममध्ये देतो. अर्थात वर सांगितलेला हिशेब लावला तर दोघे समान नाहीत, पहिला जास्त देतो. प्रश्न एवढाच, की जे जास्त मिळते त्याची तुम्हाला गरज किती वेळा पडते? आणि ते उचलून किती वेळा नेणार?

म्हणून सेन्सर आधी ठरवू नये, भिंग आधी ठरवावे. डब्यावर घसारा जबरदस्त असतो. चार-पाच वर्षांत नवे मॉडेल येते आणि जुन्याला कोणी विचारत नाही. चांगले भिंग दहा-पंधरा वर्षे आपली किंमत बऱ्यापैकी राखते. मात्र ते ज्या माउंटचे आहे तो माउंट जिवंत राहायला हवा. निकॉनने २०११ साली ‘निकॉन १’ ही मालिका एक इंची सेन्सर घेऊन काढली आणि २०१८ मध्ये बंद केली. सॅमसंगनेही एनएक्स मालिका अशीच सोडून दिली. त्यांच्या भिंगांत दोष नव्हता, पण ती बसवायला नवा डबा उरला नाही. ऑलिम्पसचा कॅमेरा विभाग २०२१ च्या आरंभी वेगळ्या कंपनीकडे गेला तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता. पण तिथे माउंट दोन कंपन्यांचा सामाईक होता, आणि बँका विलीन झाल्या तरी जुने पासबुक काही काळ चालते, तसे झाले.

तर प्रश्न पुन्हा तोच : कशासाठी? लग्नाची कंत्राटे घेणाऱ्याने, रात्रीच्या रंगमंचावर लावणी टिपणाऱ्याने फुल फ्रेमच घ्यावा. तिथे माणसे हलतात आणि उजेड कमी असतो. कॅमेऱ्याच्या पोटातली कंपरोधक यंत्रणा तुमचा हात स्थिर करते, नाचणारीचा पाय नाही. पक्ष्यांच्या मागे भटकणाऱ्याचा हिशेब उलटा. लहान सेन्सरवर ३०० मिलिमीटरचे भिंग ६०० सारखे दिसते, आणि पॅनासोनिकचे १००-३०० अर्ध्या किलोच्या आसपास भरते. फुल फ्रेमवर ६०० एफ ४ म्हणजे नुसते भिंगच तीन किलोच्या घरात, आणि किंमत गृहकर्जाच्या. बागेतली फुले, मुंग्या हा ज्याचा नाद, त्याला ६० मिलिमीटरचा मॅक्रो पुरे. मधले एपीएस-सी हे शहाण्या, मध्यमवर्गीय तडजोडीचे माप आहे. त्यात फारशी चूक होत नाही आणि फारसे बोलण्यासारखेही काही नाही.

माझ्यासारख्याचे काय? माणसे, घरे, देवळे, ओसरीवरची दुपार. मी पुतण्याला बरोबर घेऊन बोरा बाजारात गेलो. ‘काका, आधी मोठा विका, मग बोलू,’ असे तो वाटभर म्हणत होता. विकला. किती तोटा झाला ते सांगत नाही. एका निवृत्त अधिकाऱ्याची काही अब्रू असते. त्या पैशांतून जुना मायक्रो फोर थर्ड्स डबा आणि दोन भिंगे घेतली : पॅनासोनिकचे २० मिलिमीटर एफ १.७, पोळीसारखे चपटे, जेमतेम शंभर ग्रॅमचे. आणि ऑलिम्पसचे ४५ मिलिमीटर एफ १.८, ११६ ग्रॅमचे, चेहऱ्यांसाठी. झूम घेतलाच नाही. दोन्ही मिळून माझ्या जुन्या झूमच्या हुडापेक्षा फार मोठी नाहीत, असे पुतण्या म्हणतो. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. २० मिलिमीटरचे ते भिंग फोकस करताना कुरकुरते आणि सावकाश चालते. ज्याला धावती नातवंडे टिपायची आहेत त्याने ते घेऊ नये. मला चालते.

जुने भिंग घेताना एक काळजी मात्र घ्यावी. मागून बॅटरीचा उजेड टाकून आरपार पाहावे. मुंबई-कोकणच्या हवेत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. एकदा आतल्या काचेवर पसरली तर साफ करूनही कोटिंगवर डाग राहू शकतात. विकणारा ‘धूळ आहे’ म्हणेल. धूळ ठिपक्यांची असते, जाळ्याची नसते. आणि घेतल्यावर चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर पावसाळा निघतो. माझ्या मोठ्या झूमच्या कडेला विकायच्या वेळी अशी एक बारीक रेघ निघालीच. दोन वर्षे कपाटात राहिल्याची ती पावती.

गेल्या वर्षी गणपतीला तो लहान कॅमेरा सदऱ्याच्या खिशात घालून गेलो. वीज या वेळी गेली नाही, पण मी दिवे बंद करायला सांगितले तेव्हा घरातली पोरे हसली. आता आरतीला पुतण्या उभा राहतो, घंटा तीच. एफ १.७, आयएसओ ३२००, शटर एकतीसांश सेकंद. चित्र रवाळ आहे, मोठ्या कॅमेऱ्याने अधिक स्वच्छ दिले असते. घंटा किंचित हलली आहे. चेहरा मात्र स्पष्ट आला, कपाळावरच्या घामासकट.

वहिनींनी ते मागच्या पडद्यावर पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, ‘भावजी, ह्याचा मोठा करून द्या. आणि तो जुना पण, फोनातला. हलला असला तरी चालेल.’

दोन्हीचे आठ बाय बाराचे प्रिंट काढून गेल्या महिन्यात पाठवले.