गॅरेजच्या छताला चॅनल लावताना

काळेवाडीत गॅरेज म्हटले की एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येते. तळमजल्याची दहा बाय वीसची खोली, अर्धे वर सरकवलेले शटर, भिंतीला टेकलेली टायरे, जमिनीवर पसरलेली कॉम्प्रेसरची नळी, आणि वरच्या मजल्यावर त्याच माणसाचे किंवा घरमालकाचे कुटुंब. पवना ओलांडली की पिंपरी. तिथल्या आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम शिकलेल्या कितीतरी हातांनी आपल्या भागात अशी गॅरेजे थाटली आणि त्यांतून घरे चालवली. जागा मात्र वाढत नाही. मग नजर वर जाते. छत रिकामे असते.

अलीकडे अनेकजण छताला पत्र्याचे सी-आकाराचे चॅनल लावून घेत आहेत. हवेची पाइप, ट्यूबलाइट, वायर, सायलेन्सर आणि टायरे ठेवायचे फडताळ, सगळे त्यालाच टांगायचे. दुकानात याला कोणी स्ट्रट चॅनल म्हणतो, कोणी सी-चॅनल, तर कोणी थेट ‘सोलरचा चॅनल’, कारण गच्चीवरच्या सोलर पॅनलखालीही बहुधा हाच असतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात चार्ल्स अ‍ॅटवुड नावाच्या गृहस्थाने १९२४ मध्ये ही पद्धत व्यापारात आणली. तिचे मोठेपण एवढेच की यात वेल्डिंग लागत नाही. चॅनलच्या उघड्या तोंडातून स्प्रिंगवाला नट आत सरकवायचा, हवा तिथे फिरवून अडकवायचा आणि बोल्ट आवळायचा. उद्या जागा बदलली तर पाना लावून सोडवायचे.

‘चॅनल किती एमएमचा घेऊ?’ हा प्रश्न सगळे विचारतात. छतातले भोक कसे पडणार, त्यात काय बसणार, हे फार थोडे विचारतात. वजन चॅनल पेलतो हे खरे, पण चॅनलला पेलते ते काँक्रीटमध्ये दीड इंच आत गेलेले फास्टनर. खाली तुमचा मुलगा किंवा शागीर्द वाकून नट खोलत असतो. म्हणून मी खरेदीची यादी नेहमी उलटी लिहायला सांगतो: आधी फास्टनर, मग नट-बोल्ट, शेवटी चॅनल.

छतासाठी बहुतेक दुकानदार ‘ड्रॉप-इन’ फास्टनर देतात. एम-१० चा फास्टनर असेल तर साधारणपणे १२ एमएमचे भोक आणि ४० एमएम खोली लागते. एम-८ ला १० एमएमचे भोक आणि ३० एमएम खोली. पाकिटावर कंपनीने काय लिहिले आहे ते वाचा आणि तेच खरे धरा. हा फास्टनर आत ढकलला की आपोआप घट्ट होत नाही. त्याच्या पोटात एक छोटी गुल्ली असते, ती ठरावीक मापाच्या पंचाने ठोकून आत नेली की नळी फाकते आणि काँक्रीटला धरते. पंच थोड्या पैशांचा असतो, तरी तो बहुतेकजण घेत नाहीत. जुना बोल्ट घालून हातोडी मारतात, फास्टनर अर्धाच फाकतो, वरून मात्र चांगला बसलेला दिसतो. फास्टनरबरोबर त्याच मापाचा पंच मागून घ्या. दुकानदार हसला तर हसू द्या.

भोकातली धूळ फुंकून काढणे हेही असेच दुर्लक्षित काम. गॅरेजमध्ये हवेची लाइन असतेच. डोळ्यांना चष्मा, नाकाला रुमाल लावून दोन-तीनदा हवा मारा. धूळ राहिली तर फास्टनर काँक्रीटला न धरता धुळीला धरतो. ड्रिलचे बिट झिजलेले किंवा वाकडे असेल तर भोक मोठे पडते आणि फास्टनर आत नुसता फिरतो. असा फिरणारा फास्टनर कागद किंवा काडी घालून बसवणारे कारागीर मी पाहिले आहेत. त्यांना हात जोडून थांबवा, बाजूला नवे भोक पाडा आणि जुने ग्राउटने भरा. ड्रिल मारताना सळई लागली तरी हेच: सळई कापायची नाही, दोन-तीन इंच सरकायचे. ती सळई वरच्या घराची आहे.

छतावर वजन कुठे टाकायचे याचाही हिशेब असतो. चार-पाच इंची स्लॅबचा मधला भाग खालच्या अंगाने ताणलेला असतो, बारीक तडे पडतात तेही बहुधा तिथेच. तड्यात गेलेल्या फास्टनरची पकड सैल होते. त्यामुळे जड फडताळ भिंतीजवळ किंवा बीमच्या कडेला घ्या. मध्यावर ट्यूबलाइट आणि हवेची पाइप एवढेच ठेवा. जिथे काँक्रीट भुगा होऊन पडते, सळई गंजून पोपडे निघाले आहेत, किंवा वरच्या मोरीची ओल उतरते, तिथे काहीच टांगू नका. घर गुंठेवारीतले, जुने, नकाशा हाती नसलेले असेल तर आधी एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला छत दाखवा. त्याची फी चॅनलच्या खर्चापुढे फार नसते.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. चेन-पुली लावून इंजिन उचलायचे काम या चॅनलचे नाही. इंजिन हलते, झोके घेते, झटका बसतो. त्यासाठी जमिनीवर उभी राहणारी क्रेन घ्या, भाड्यानेही मिळते.

आता चॅनल. सर्वांत चालणारे माप ४१ बाय ४१ एमएम, आणि उथळ हवा असेल तर ४१ बाय २१. जाडी १.५, २ आणि २.५ एमएम. गंमत अशी की जाडीत फसवणूक सर्वांत सोपी असते आणि ती पकडणारे हत्यार प्रत्येक गॅरेजच्या खणात असते. व्हर्नियर खिशात घालून दुकानात जा. दुसरी कसोटी वजनाची. साधा, भोके नसलेला ४१ बाय ४१ चा अडीच एमएम चॅनल मीटरला अडीच किलोच्या थोडा वर भरतो, दीड एमएमचा दीड किलोच्या थोडा वर. दहा बाय वीसच्या खोलीत आडवे चार चॅनल घातले तर ३ मीटरचे चार, म्हणजे १२ मीटर. अडीचचा माल सांगून दोनचा दिला तर पाच-सहा किलो पोलाद तुमच्या पिशवीतून गेले. मीटरने भाव सांगितला तरी काट्यावर चढवून घ्या.

सूरह अल्-मुतफ्फिफीन मापात कमी देणाऱ्यांविषयी आहे, हे आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असते. आपण ते धान्याच्या मापापुरते धरतो. पत्र्याच्या जाडीतला अर्धा एमएमसुद्धा त्याच तागडीत येतो. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे: प्रेषितांनी (सल्ल.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि ओला माल वर लोकांना दिसेल असा का ठेवला नाही असे व्यापाऱ्याला विचारले. आपल्यातले बरेच वाचक हार्डवेअरच्या धंद्यात आहेत. त्यांनी हा परिच्छेद गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिला आहे असे समजू नये; गिऱ्हाईकसुद्धा अडीचचे बिल मागून दोनचा माल नेतो आणि पुढे आपल्या गिऱ्हाइकाला अडीच म्हणून लावतो.

जस्ताच्या बाबतीत ओल अशीच आत दडलेली असते. चॅनल दोन प्रकारे जस्ताचा होतो. एकात आधीच जस्त चढवलेला पत्रा वाकवतात. १२० जीएसएमचा पत्रा असेल तर दोन्ही बाजू मिळून एवढे, म्हणजे एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन. दुसऱ्यात तयार चॅनल वितळलेल्या जस्तात बुडवतात, त्याचा थर पन्नास मायक्रॉनच्या आसपास किंवा वर असतो. कोरड्या गॅरेजमध्ये पहिला पुरतो, महाग माल उगाच घेऊ नका. गाडी धुण्याची जागा किंवा बॅटरी चार्जिंगचा कोपरा असेल तर तिथे बुडवलेलाच घ्या. या दोन्हींखेरीज बाजारात तिसराही असतो: काळ्या पत्र्याला चंदेरी रंग मारलेला. खिळ्याने ओरखडा काढा, रंग सालीसारखा निघतो, जस्त निघत नाही. कापलेल्या तोंडाला झिंकचा स्प्रे मारायला विसरू नका, गंज तिथूनच सुरू होतो.

जस्ताच्या मालाला वेल्डिंग करू नये, हेही इथेच सांगून टाकतो. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. आपल्याकडे त्यावर दूध पितात. दुधाने छातीतला धूर निघत नाही. नट-बोल्टनेच जोडा.

स्प्रिंग नट उलटा करून पाहा. त्याला दोन दातेरी खाचा असतात, त्या चॅनलच्या आत वळलेल्या ओठांवर बसतात. स्वस्तातल्या नटाचे दाते बोथट असतात आणि तो भाराखाली घसरतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ आणि बनवणाऱ्याची खूण असावी. कोऱ्या डोक्याचा बोल्ट छताला नको. बोल्टखाली चौकोनी जाड वायसर घ्या, गोल पातळ वायसर चॅनलच्या तोंडात दबून वाकते. चार चॅनलना प्रत्येकी चार ठिकाणी धरायचे तर सोळा फास्टनर. वीस घ्या, दोन-चार वाया जातातच.

माल कुठे मिळेल? पिंपरीच्या बाजारात किरकोळ, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीकडे नट-फास्टनर, आणि चॅनल जास्त लागत असेल तर भोसरी किंवा चाकण एमआयडीसीत केबल ट्रे बनवणाऱ्यांकडे विचारा. जुना माल शोधणारे पूर्वी कुदळवाडीत जात. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली गोदामे आणि शेड पाडल्या, कितीतरी व्यापारी विखुरले. आताही भंगारात चॅनल हाती लागला तर तो जरूर वापरा, सरळ आहे आणि गंज नाही एवढे पाहून. जुना फास्टनर आणि जुना स्प्रिंग नट मात्र कधीच घेऊ नका.

पत्र्याच्या शेडमध्ये हे सगळे बदलते. तिथे भोक न पाडता लोखंडी अँगलला किंवा गर्डरला पकडणारे क्लॅम्प मिळतात, ते वापरा, आणि भार जोडाजवळ द्या. पत्र्याला काही टांगायचे नाही.

काम झाल्यावर फडताळावर रोज ठेवणार त्यापेक्षा जास्त वजन चढवा. रिमसकट मोटारीचे एक चाक पंधरा-वीस किलो धरले तर सहा चाकांचे नव्वद-एकशेवीस किलो होतात. सिमेंटच्या पन्नास किलोच्या चार गोण्या ठेवल्या की बेरीज कळते. शटर लावून रात्रभर तसेच राहू द्या, खाली कोणी झोपायचे नाही. सकाळी फजरनंतर बॅटरी घेऊन प्रत्येक फास्टनरभोवतीची भेग पाहा. पुढे दर सहा महिन्यांनी पाना लावून नट तपासा, कारण कॉम्प्रेसरच्या थरथरीने ते सैल होतात. ड्रिलच्या दिवशी वर राहणाऱ्यांना आधी कळवा. कुणाचे लेकरू झोपलेले असते, कुणी म्हातारे आजारी असते, आणि स्लॅबमधून तो आवाज थेट उशीखाली येतो.

जागा भाड्याची असेल तर एक काम खरेदीच्या आधीच करा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो. त्यातच लिहून घ्या की छताला भोके पाडायला मालकाची परवानगी आहे, चॅनल भाडेकरूचे आहेत, आणि जाताना तो ते काढून नेईल व भोके भरून देईल. वेल्ड केलेला अँगल मालकाचा होऊन बसतो. नट-बोल्टचा चॅनल तुम्ही एका दुपारी उतरवून पुढच्या गॅरेजला नेऊ शकता. पक्के बिल करारासोबत त्याच फाइलीत ठेवा. १८ टक्के जीएसटी जातो खरा, पण माल कुणाचा, असा वाद निघाला की तेच बिल दाखवता येते.