धाव कोणाच्या हृदयासाठी?

मुंबई मॅरेथॉनने २००४ पासून धावण्याला दानाची जोड दिली. २९ सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनी आपल्या शहरातही अशी दौड व्हावी. नागसेनवनापासून बौद्ध लेण्यांपर्यंतचा मार्ग तर जणू त्यासाठीच आहे. मात्र तिचा निधी केवळ प्रौढांच्या हृदयविकारापुरता राहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दाटीवाटीने राहणाऱ्या पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत स्ट्रेप्टोकोकसमुळे होणाऱ्या घशाच्या दुखण्याकडे दुर्लक्ष झाल्यास सांधे सुजवणारा ऱ्हुमॅटिक ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. वेळीच पेनिसिलिन दिल्यास हे टळते. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांनी विश्वासाने वसतिगृहांच्या स्वाधीन केलेल्या लेकरांची नियमित तपासणी या निधीतून व्हावी. धावणाऱ्यांना टी-शर्ट मिळाला नाही तरी चालेल.