नळ कधी येणार, एवढं तरी सांगा

उन्हाळ्याचा मला आता कंटाळा आला आहे आणि तो मी उघडपणे बोलून दाखवणार आहे. आमच्याकडे असं बोलायची पद्धत नाही. मराठवाड्यातल्या बाईने सोसायचं, वर सोसल्याचं कौतुकही ऐकून घ्यायचं, असा रिवाज आहे. माझं माहेर कंधारचं, सासर लातूरचं. मे महिन्यात पारा 43-44 वर गेला तरी नांदेडकर काय किंवा लातूरकर काय, डोक्याला रुमाल गुंडाळून कामाला निघतात. उन्हाची सवय आहे. सवय होत नाही ती उन्हाळ्याच्या पाण्याची.

होळी झाली की घरात कामांची रांग लागते. कूलर बाहेर काढायचा, जाळ्यांमधलं जुनं गवत उपसून नवं भरायचं, पंप फिरतो का ते बघायचं. वर्षाची ज्वारी आणि गहू गच्चीवर ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरायचे. पापड, शेवया, कुरडया करायच्या. कुरडईचा गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज त्याचं पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून पहाटे चीक शिजवायला घ्यायचा. हात भरून येतात. पण या कामाबद्दल माझी तक्रार नाही. कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे त्यात आधीच ठाऊक असतं. जाऊबाई येतात, शेजारच्या दोघी-तिघी येतात, ऊन चढायच्या आत गच्ची भरून जाते आणि संध्याकाळी काम हातावेगळं झालेलं असतं.

पाण्याचं तसं नाही. आमच्या वसाहतीत उन्हाळ्यात नळ आठ दिवसांनी येतात, कधी दहा, कधी त्याहून उशिरा. दिवस नक्की नाही, वेळ तर नाहीच. "रात्री येतील म्हणे," असं कुणीतरी सांगतं आणि गल्ली जागी राहते. पाण्याला दाब नसतो म्हणून नळ अंगणात खड्डा करून खाली घेतलेला. तोटी काढून ठेवायची आणि खाली पत्र्याची बादली पालथी घालायची. पाण्याआधी नळातून हवा येते, फुसफुस आवाज होतो, मग पहिली धार बादलीवर वाजते आणि त्या आवाजाने जाग येते. तेवढ्यात पलीकडून हाक येतेच, "ताई, उठा, पाणी येऊलालंय बगा!" पहिलं पाणी गढूळ. ते संडासासाठी वेगळं भरायचं. मग नळाला धुतलेलं फडकं बांधायचं. आधी पिण्याची घागर आणि हंडे, मग हौद, मग ड्रम, मग बादल्या, शेवटी घरातली मोठी पातेली आणि कुकरसुद्धा. मध्येच वीज गेली की मोटार बंद पडते, आणि हौदातून वरच्या टाकीत चढवायचं पाणी हाताने उचलावं लागतं. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो. जिना चढताना ते किलो पाठीला मोजता येतात. सगळं आवरेपर्यंत उजाडतं, आणि उन्हाळ्यात शाळा सकाळची असते.

मी शाळेत शिकवते. आदल्या रात्री कोणत्या गल्लीत नळ आले हे मला हजेरी घेताना कळतं. त्या गल्लीतल्या मुली आलेल्या नसतात, आल्या तर बाकावर मान टाकून झोपतात. मुलगे बहुतेक आलेले असतात. मुलींना मी उठवत नाही.

पाणी कमी आहे, हे मला कुणी समजावून सांगायला नको. लातूरची सगळी भिस्त धनेगावच्या मांजरा धरणावर. त्याचा उपयुक्त साठा जवळपास 177 दशलक्ष घनमीटर, पण पाठोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला की तिथे चिखल उरतो. जमिनीखाली काळा कातळ. तो पाणी धरून ठेवत नाही, म्हणून तामिळनाडूची नंबरप्लेट लावलेली बोअरची गाडी गल्लीत येते, आठशे-नऊशे फूट खाली जाते आणि पुष्कळदा नुसता फुफाटा वर काढून निघून जाते. ऊस किती लावावा हा प्रश्न आहेच. माझं मत विचाराल तर या खोऱ्यात तो आहे त्यापेक्षा खूप कमी असायला हवा. उजनी धरणाचं पाणी लातूरला आणणं, मराठवाड्याची वॉटर ग्रीड यांच्या घोषणा ऐकत माझे केस पिकले. त्या योजना व्हाव्यात, लवकर व्हाव्यात. आज मी त्यासाठी लिहीत नाही. मला पाण्याची वेळ हवी आहे. वेळ सांगायला धरण बांधावं लागत नाही.

पाण्याला वेळापत्रक लावता येतं, हे 2016 साली याच लातूरने पाहिलं. त्या वर्षी नळ कोरडे पडले आणि शहर टँकरवर आलं. घरटी 200 लिटर, तेही आठ-दहा दिवसांतून एकदा. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं 144 कलम लावावं लागलं. घागरीसाठी पाच माणसांनी एकत्र उभं राहायचं नाही, असा हुकूम वाचून माझ्या सासूबाई कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत. त्यांनी 1972 चा दुष्काळ काढला होता, दुष्काळी कामावर खडी फोडली होती, पण असला हुकूम त्यांनी कधी ऐकला नव्हता. मग 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. राजस्थानातल्या कोट्याला वाफेने धुऊन काढलेल्या दहा टाक्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. म्हणजे त्या पहिल्या गाडीतून माणशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी आलं. पुढे पन्नास टाक्यांची गाडी सुरू झाली, एका फेरीला 25 लाख लिटर. ऑगस्टपर्यंत शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या. ती गाडी 'जलदूत' म्हणून ओळखली जाऊ लागली.

त्या उन्हाळ्यात माझा भाऊ आंब्यांच्या पाट्या आणायचा तसा शेतातल्या विहिरीच्या पाण्याचे कॅन जीपमध्ये घालून आला होता. पाहुणा दारात आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचा हा आपला रिवाज. त्या दिवशी तो पाहुण्यानेच आणलेल्या पाण्यातून भरावा लागला. मला ते फार लागलं. पण पाण्याच्या त्या रेल्वेची एक गोष्ट मी विसरले नाही. साडेतीनशे किलोमीटरवरून येणारी ती गाडी मिरजेला भरायला किती तास, वाटेत किती, रिकामी व्हायला किती, हे सगळं ठरलेलं असायचं आणि वर्तमानपत्रात छापूनही यायचं. दुसऱ्या खोऱ्यातून येणाऱ्या पाण्याची वेळ सांगता येत होती, गल्लीतल्या नळाची मात्र आजही सांगता येत नाही.

दुसरं उदाहरण नांदेड जिल्ह्यातलं. माझी नणंद धर्माबादला असते. तिच्या गावापासून जवळच गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्यावरून महाराष्ट्र आणि त्या वेळचा आंध्र प्रदेश वर्षानुवर्षं भांडले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 28 फेब्रुवारी 2013 ला निकाल लागला. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. लिटरमध्ये ते सुमारे 1,700 कोटी होतं. पाणी खाली जातं याचं आमच्या लोकांना वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण ती तारीख नणंदेच्या घरातल्या लहान पोरालाही पाठ आहे. त्या तारखेवर नदीकाठचे शेतकरी मोटारी कधी चालवायच्या ते ठरवतात. दोन राज्यांचं भांडण तारखेवर येऊन मिटतं, तर एका वॉर्डाला तारीख द्यायला काय अडचण आहे?

अडचण सांगणारे सांगतात. उपसा केंद्राची वीज जाते, जुनी पाइपलाइन फुटते, एका भागात व्हॉल्व्ह उशिरा बंद झाला की पुढच्याचं गणित बिघडतं. हे सगळं खरं आहे. रात्री-अपरात्री लोखंडी चावी घेऊन व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाची मला दया येते. लोकांच्या शिव्या त्यालाच खाव्या लागतात. पण बिघाड झाला तर तसं कळवा ना. वीज जाणार असेल तर महावितरणचा संदेश मोबाइलवर येतो. गॅसचा सिलिंडर निघाला की कळतं. कचऱ्याची घंटागाडी गाणं लावून दारावरून जाते. माझी पुतणी टोरंटोला असते. हिवाळाभर दारातला बर्फ उपसून ती वैतागते आणि फोनवर तसं सांगतेही. पण बर्फ काढणारी गाडी कोणत्या रस्त्यावर पोहोचली ते तिच्या शहरात नकाशावर बघता येतं. गाडी कधी येईल याचा अंदाज घेऊन ती झोपते. काम तेवढंच राहतं, झोप मात्र मोडत नाही.

आमच्या मोडलेल्या झोपेचा हिशेब कुणी ठेवत नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची 299 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं निघालं, ते करणाऱ्या पुरुषांची 97. नळाची वाट बघत जागणं त्यात कोणत्या रकान्यात जातं? ते काम दिसत नाही, कारण तेव्हा हात रिकामे असतात. बाई नुसती बसलेली दिसते. पण तिला बाजारात जाता येत नाही, लग्नाला जाता येत नाही, आजारी आईला भेटायला माहेरी जाता येत नाही. मजुरीला जाणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. नळ दुपारी आले आणि घरात कुणी नसलं की पुढचे आठ दिवस जार विकत घ्यायचे किंवा टँकरवाल्याच्या हातापाया पडायचं. आमच्या ओळीत शेवटच्या घरात धुणीभांडी करणारी एक बाई राहते. मधल्या घरांनी नळाला थेट मोटारी लावल्या की तिच्यापर्यंत धारच पोहोचत नाही. पाणी येणार हे आधी कळलं असतं तर तिने त्या दिवशी कामावर सुट्टी मागितली असती, आमच्यातल्या कुणी तिच्यासाठी दोन ड्रम भरून ठेवले असते. आम्ही एकमेकींना मदत करू शकत नाही, कारण जी ती आपल्याच नळापाशी अडकलेली असते.

बेभरवशाच्या पाण्यामुळे पाणीही वाया जातं, हे तर डोळ्यांसमोर घडतं. पुढचे नळ कधी येतील याची खात्री नाही म्हणून प्रत्येक जण गरजेपेक्षा जास्त साठवतो. नवं पाणी आलं की ड्रममधलं शिळं म्हणून ओतून देतो. दुष्काळी गावात नळ येतात त्या दिवशी गटारं भरून वाहतात. आरोग्य खात्याची माणसं घरोघरी येऊन सांगतात, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करून घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून ही सूचना योग्यच आहे. पण नळच दहा दिवसांनी येत असतील तर ड्रम कोणत्या दिवशी रिकामा करायचा? आशा कार्यकर्ती ड्रमचं विचारते तेव्हा आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघतो. तीही याच गावात पाणी भरते.

कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं, ते छोटं गाव त्यासाठी राज्यभर गाजलं. कोयनाकाठचं गाव ते, आमची त्याच्याशी बरोबरी नाही, हे मला कळतं. मी चोवीस तास मागत नाही. रोज द्या असंही म्हणत नाही. आठ दिवसांनी दोन तास द्या, पण ते दोन तास कोणते ते आधी सांगा. दिवसाउजेडी द्या. रात्रीच सोडावं लागलं तर तेही आधी सांगा, म्हणजे आम्ही पाळ्या लावू. पुरुषांनाही मग म्हणता येईल, अहो, बुधवारी पहाटे तुमची पाळी. आज ते म्हणता येत नाही, कारण कधी येईल ते माहीत नसलेल्या कामाची वाटणी होत नाही आणि ते घरात जी असेल तिच्या गळ्यात पडतं.

येत्या 1 मार्चला बाभळीचे दरवाजे ठरल्याप्रमाणे उघडतील. त्याच दिवसापासून प्रत्येक वॉर्डाच्या कोपऱ्यावर एक फळा लावा. त्यावर पुढच्या नळाचा वार, वेळ आणि किती तास एवढंच असू द्या. बिघाड झाला तर खाली एक ओळ वाढवा. आमच्या कोपऱ्यावरच्या फळ्यावर रोज शाळेला जाताना ते लिहून ठेवायचं काम मी करायला तयार आहे.