आरोग्यचिंतन : तीन गोळ्या की महागडे इंजेक्शन?

सकाळी बोटे आखडतात, पेढीवर बसून वही लिहिणेही जड जाते. आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे, निदान होताच घरात चर्चा सुरू होते ती खर्चाची. जे महाग तेच गुणकारी, ही समजूत हिशेबी घरांतही आढळते.

या विकारात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. आरंभी बहुधा मेथोट्रेक्सेट देतात. त्याने पुरेसा गुण आला नाही, तर पुढे काय? अमेरिका व कॅनडातील अशा ३५३ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला मेथोट्रेक्सेटच्या जोडीला सल्फासलाझिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळ्या दिल्या, तर दुसऱ्याला इटानरसेप्टचे इंजेक्शन. २४ आठवड्यांत सुधारणा न दिसलेल्यांना दुसऱ्या गटाचा उपचार दिला. ४८ आठवड्यांअखेर गोळ्यांपासून आरंभ करण्याचा मार्ग उणा ठरला नाही.

म्हणून ‘आधी तीन गोळ्या चालतील का?’ असे तज्ज्ञांना निःसंकोच विचारावे. गुण न आल्यास इंजेक्शनाचा मार्ग खुला राहतोच.

मात्र मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतते. रक्त, यकृत व डोळ्यांची तपासणी टाळू नये. उपवास वा चौविहार असल्यास औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात. स्वतःहून गोळी बंद करू नये. पैशाचे नुकसान भरून निघते, झिजलेला सांधा परत मिळत नाही.