पगार आमचा, कुलूप कुणाचे?



पगार वेळेवर आणि पुरा मिळावा म्हणून या देशातल्या कामगाराला पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले. मालक पगाराऐवजी धान्य, कापड, दुकानाची चिठ्ठी हातावर टेकवीत आणि दंडाच्या नावाने उरलेलेही कापून घेत. त्यातून १९३६ साली वेतन प्रदान कायदा आला. रेल्वे कामगारही त्याच्या कक्षेत होते. पगार चालू नाण्यांत किंवा नोटांतच द्यावा, असे त्या कायद्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिले होते. १९७६ साली चेकची आणि बँकेची सोय झाली, पण कामगाराने लेखी संमती दिली तरच. २०१७ साली ती संमतीही काढून टाकली गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदाच वेतन संहितेच्या पोटात गडप झाला.

म्हणजे पगार बँकेत टाकायचा की हातात घ्यायचा, हे ठरवण्याचा आमचा हक्क गेला. जुने खलाशी आणि गँगमन पे क्लार्कची वाट पाहत रांगेत उभे राहत, पत्रकावर सही नाहीतर अंगठा देत आणि नोटा मोजून घेत. ती रांग पुन्हा हवी, असे आम्ही म्हणत नाही. बँकेत पगार येण्याचे फायदे आम्हालाही कळतात. पण ज्या सरकारने आमची मजुरी सक्तीने खात्यात नेली, त्याच सरकारच्या अमलात ते खाते एका सकाळी नोटीस न देता, कारण न सांगता बंद होते. तेव्हा दाद कुठे मागायची? आमचा सवाल एवढाच आहे.

रिसालीत राहणाऱ्या आमच्या एका सभासदावर हाच प्रसंग आला. दुर्ग-दल्लीराजहरा मार्गावर रूळ सांभाळणारा हा माणूस. त्याने घरातला जुना कूलर १,८०० रुपयांना विकला. घेणाऱ्याने मोबाईलवरून पैसे पाठवले, कूलर उचलला आणि गेला. पुढच्या महिन्यात पगार जमा झाला त्याच दिवशी खाते बंद! शाखेत विचारले तर उत्तर मिळाले, "सायबरवाल्यांनी थांबवले आहे, आमच्या हातात काही नाही." परराज्यातल्या एका पोलीस ठाण्याचे नाव आणि एक तक्रार क्रमांक त्याला कागदाच्या कपट्यावर लिहून दिला. झाले होते असे की तिकडे कुणाची तरी फसवणूक झाली, ते पैसे तीन-चार खात्यांतून फिरले आणि त्यातले १,८०० रुपये याच्या खात्यात आले. गुन्हा करणारा पसार आणि कूलर विकणारा अडकला!

एवढ्यावर भागले नाही. खाते बंद होण्याच्या दोन दिवस आधी त्याने मोबाईलवरूनच कपडे धुण्याचे यंत्र मागवले होते. पैसे कापले गेले होते, पण दुकानदार कंपनी म्हणाली की पैसे तपासणीत आहेत, माल रोखून ठेवला आहे. पुढे तिने ऑर्डर रद्द केली आणि पैसे परत पाठवले. कुठे? त्याच बंद खात्यात! यंत्र नाही, पैसेही नाहीत. त्यात कर्जाचा हप्ता परत गेला म्हणून बँकेने दंड लावला. कुलूप बँकेने घालायचे आणि दार उघडले नाही म्हणून दंड कामगाराने भरायचा, हा कुठला न्याय? युनियनने लेखी पाठपुरावा केला, तेव्हा पाचव्या आठवड्यात १,८०० रुपये रोखून बाकी रक्कम मोकळी झाली. पाचव्या आठवड्यात जे करता आले, ते पहिल्या दिवशी का करता आले नाही?

यावर काही शहाणे म्हणतात, "चोर नसाल तर भीता कशाला? फसवलेल्या माणसाचे पैसे वाचवायचे तर खाती तातडीने थांबवावीच लागतात." फसवले जाणारेही आमचेच लोक आहेत. आयुष्यभराचा भविष्य निर्वाह निधी एका फोनवर गमावलेले निवृत्त कर्मचारी आम्ही पाहिले आहेत. १९३० या क्रमांकावर तक्रार येताच चोरीची रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची व्यवस्था २०२१ पासून आहे. ती राहिलीच पाहिजे. पण १,८०० रुपयांच्या संशयासाठी संपूर्ण महिन्याचा पगार अडवल्याने फसवलेल्या माणसाला एक पैसाही जास्त मिळत नाही.

आमच्या भिलाईबद्दलही एक कडू गोष्ट बोललीच पाहिजे. १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून या गावाचे नाव पोलादासाठी घेतले जाते. अलीकडे ते महादेव बेटिंग अॅपसाठीही घेतले जाऊ लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने या अॅपसह २२ बेटिंग अॅप व संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला. जुगाराचा पैसा फिरवायला दुसऱ्यांच्या नावावरची खाती वापरली गेली, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. चार-पाच हजारांसाठी खाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड भाड्याने देणाऱ्या पोरांची युनियन वकिली करणार नाही. आपल्या घरातल्या पोरांना आजच बजावा की भाड्याने दिलेले खाते हे गुन्ह्याला दिलेले हत्यार आहे. पण खाते भाड्याने देणारा आणि कूलर विकणारा यांना एकाच दोरीने बांधणारी व्यवस्था आळशी आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. बँक खाते ही जप्त करता येणारी मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी या खटल्यात दिला. म्हणून पोलिसांना अधिकारच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण जप्तीची खबर दंडाधिकाऱ्याला ताबडतोब दिली पाहिजे, असे जुन्या फौजदारी संहितेच्या १०२ व्या कलमात होते आणि आजच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०६ व्या कलमातही आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले की पोलिसांनी जेवढी रक्कम कळवली असेल तेवढीच अडवावी. २०२४ मध्ये दिल्लीतल्या एका छोले-भटूरे विकणाऱ्याचे खाते १०५ रुपयांच्या संशयावरून बंद झाले होते. ते उघडायला त्याला थेट उच्च न्यायालय गाठावे लागले. १०५ रुपयांसाठी हायकोर्ट! हातगाडीवाल्याला आणि ग्रामीण डाक सेवकाला हे परवडणार आहे काय?

आणखी एक तुलना करा. सावकाराने दिवाणी कोर्टातून हुकूमनामा आणला तरी १९०८ च्या दिवाणी संहितेचे ६० वे कलम पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश वाचवते. अपवाद फक्त पोटगीचा. निवृत्तांच्या पेन्शनला १८७१ च्या पेन्शन कायद्याचे संरक्षण आहे. इंग्रजी राज्यातही कर्जदाराच्या चुलीपुरते सोडत होते. आजचे यंत्र मात्र गुन्हा शाबीत नसताना, कर्ज नसताना, शेवटचा रुपयाही सोडत नाही.

आणि हे वेगळ्या रीतीने करता येत नाही असेही नाही. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. आधी तारीख जाहीर केली, मग ती १५ मार्चपर्यंत वाढवली आणि खात्यातली शिल्लक काढायला, वापरायला ग्राहकांना मोकळीक ठेवली. उलट सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब-महाराष्ट्र सहकारी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. गुन्हा वरच्यांचा आणि मुंबईच्या रस्त्यावर आला गरीब ठेवीदार. दोन्ही हुकूम एकाच रिझर्व्ह बँकेचे! खातेदाराचा संसार चालू ठेवून निर्बंध घालता येतात, हे पहिल्या हुकुमाने दाखवून दिले.

टपाल खात्यातल्या साथींना आमचे म्हणणे लगेच पटेल. मनीऑर्डर पोचली तर अंगठा उठवलेली पावती परत येई. नाही पोचली तर पैसे पाठवणाऱ्याकडे परत जात. मधे अडकली तर विचारायला काउंटर होता आणि काउंटरमागे जबाब देणारा माणूस होता. आज शाखेतली माणसे कमी केली जातात, फोनवर यंत्र बोलते आणि जो माणूस समोर सापडतो त्याला कुलूप उघडण्याचा अधिकार नसतो. ग्राहकाच्या शिव्या खाणारा तो बँक कर्मचारीही आपल्यासारखाच कामगार आहे. त्याच्याशी भांडून काय मिळणार? भांडण त्याच्या हातातला अधिकार काढून घेणाऱ्यांशी आहे.

तोवर सभासदांनी हे करावे. खाते थांबले तर शाखेला लेखी अर्ज द्या. कारण, अडवलेली रक्कम, पोलीस ठाणे आणि तक्रार क्रमांक लेखी मागा, पोच घ्या. दुकानात मोबाईलवरून दिलेले पैसे खात्यातून कापले गेले, पण दुकानदाराला पोचल्याची खातरजमा झाली नाही, तर ते पाच दिवसांत परत आले पाहिजेत. उशीर झाल्यास रोज १०० रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेचे २०१९ चे परिपत्रक आहे. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही. पगाराचे खाते वेगळे ठेवा. बाहेरच्यांकडून पैसे घ्यायला पोस्टाचे किंवा दुसरे लहान खाते वापरा. खाते उघडून देतो म्हणणाऱ्या दलालाला एक पैसाही देऊ नका. शाखा सचिवाकडे या.

आमच्या मागण्या अशा:

१. संशयाची रक्कम तेवढीच अडवा. पगार आणि पेन्शन यांना हात लावू नका.

२. खाते अडवल्याच्या दिवशीच खातेदाराला त्याच्या भाषेत लेखी कारण द्या.

३. अडवणुकीला मुदत घाला. मुदतीत न्यायालयाचा आदेश आला नाही तर रक्कम आपोआप मोकळी झाली पाहिजे.

४. खातेदाराला परराज्यात हेलपाटे नकोत. त्याचा जबाब त्याच्याच जिल्ह्यात घ्या.

५. खाते अडवलेल्या काळातला हप्ते परत गेल्याचा दंड रद्द करा.

६. प्रत्येक बँक शाखेत आणि टपाल कार्यालयात पुरेशी माणसे नेमा आणि त्यांना निर्णयाचा अधिकार द्या.

मुदतीची भाषा आता सरकार दरबारीही ऐकू येऊ लागली आहे. पण कागदावरचा नियम शाखेच्या काउंटरपर्यंत आपोआप चालत येत नाही, त्याला आणावे लागते. १९३६ चा कायदाही कुणी मेहेरबानी म्हणून दिला नव्हता. प्रत्येक शाखेने आपल्या सभासदांची अडवलेली खाती, तारखा आणि रकमा यांची यादी करून महासंघाकडे पाठवावी. रेल्वे आणि टपाल कामगारांनी ही यादी एकत्र येऊन सरकारपुढे ठेवली, तर ती टोपलीत टाकणे कुणालाही सोपे जाणार नाही.

घामाचे दाम कुलुपात राहू देणार नाही!
कामगार एकजुटीचा विजय असो!