काटे कोणत्या बाजूला?

मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो. खिळ्यांची टोकं बाहेर असतात. लांडगा किंवा बिबट्या आधी मान धरतो, म्हणून मानेला हे कुंपण. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची माणसं बिबट्याच्या भीतीनं असेच पट्टे स्वतःच्या गळ्यात घालून शेतात जात होती. आमच्या दिंडोरीतही उसात बिबट्या असतो, त्यामुळे द्राक्षांच्या मळ्यांवर हा पट्टा समजावून सांगावा लागत नाही.

आता मळ्यांवर आणि बंगल्यांवर जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, लॅब्रेडॉर आले आहेत. त्यांच्यासाठी ऑनलाइन दुसराच पट्टा मागवला जातो. काटे त्यालाही आहेत, पण आत, मानेकडे वळलेले. ही प्राँग कॉलर. कुत्र्यानं ओढलं की काटे मानेत रुततात. तिच्या जोडीला ओढल्यावर आवळत जाणारी चोक चेन आणि रिमोटनं विजेचा झटका देणारी शॉक कॉलर. तिन्ही ‘ट्रेनिंग कॉलर’ या एकाच नावानं विकल्या जातात. माझं मत स्पष्ट आहे : कुत्र्याला दोरीनं नीट चालायला शिकवण्यासाठी यातल्या एकीचीही गरज नाही.

कुत्र्याचा विषय काढला की आपल्यातलेच काही विचारतात, मुसलमानाला याच्याशी काय करायचं? घरात कुत्रा ठेवावा का, या वादात मी पडत नाही. पण शेताच्या आणि जनावरांच्या राखणीसाठी, शिकारीसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्ये आहे. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावरांचा उल्लेख येतो. तिथला ‘मुकल्लिबीन’ हा शब्द ‘कल्ब’, म्हणजे कुत्रा, यावरूनच आला आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची हदीस तर मकतबमधल्या पोरांनाही ठाऊक असते. शिकवण्याची मुभा आहे, छळण्याची नाही.

शिकवणं हा माझा पेशा आहे. बी.एड.ला प्रत्येकानं थॉर्नडाइक वाचलेला असतो. १८९८ मध्ये त्यानं मांजरांना पेटीत ठेवून परिणामाचा नियम मांडला : सुखद परिणाम झाला की कृती पक्की होते, दुःखद झाला की सुटते. पण १९३० च्या सुमारास त्यानंच तो दुरुस्त केला. बक्षिसानं कृती जितकी पक्की होते, तितकी शिक्षेनं सुटत नाही, असं त्याला दिसलं. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं वर्गातली छडी बंद केली. छडीनं मूल एवढंच शिकतं की सर समोर असताना हे करायचं नाही. कुत्र्याचं त्याहून वाईट होतं. झटका बसला त्या क्षणी समोरून शाळेचं पोर सायकलवर येत असेल, तर तो ती वेदना त्या पोराशी जोडू शकतो. मग राखणीचा कुत्रा गल्लीतल्या मुलांवर धावायला लागतो, आणि मालक आणखी कडक पट्टा शोधतो.

मुळात कुत्रा ओढतो का? त्याची चाल आपल्यापेक्षा वेगवान आहे, आणि ओढलं की हवं तिथं पोचता येतं हे आपणच त्याला शिकवलेलं असतं. म्हणून दोरी ताणली की थांबा. सैल झाली की चाला. आपल्या पायाजवळ चालला की चपातीचा तुकडा द्या. दोरी पाच-सहा फुटांची असू द्या. आधी अंगणात, मग गल्लीत, रोज दहा-दहा मिनिटं दोनदा. गळ्यात साधा रुंद पट्टा, आतून दोन बोटं जातील इतका सैल. अंगानं दांडगा कुत्रा असेल, तर छातीपुढे दोरी अडकवता येते असा हार्नेस घ्या. त्यामुळे ओढ मानेवर येत नाही.

चोक चेन आधीच घेतली असेल, तर निदान एवढं पाळा. ती सरावापुरतीच घाला, नंतर लगेच काढा. तिनं कुत्र्याला कधीही बांधून ठेवू नका, कुठं अडकली तर फास बसतो. कुत्रा डावीकडे चालत असेल, तर त्याच्या समोर उभं राहून पाहिल्यावर साखळी इंग्रजी ‘पी’ अक्षरासारखी दिसली पाहिजे. उलटी घातली तर आवळल्यावर सैल होत नाही. पिल्लाला आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला ती नकोच. कुत्रा खोकायला लागला, मानेचे केस गेले, तर साखळी काढून जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. प्राँग आणि शॉक कॉलर मात्र वापरूच नका. वेल्सनं शॉक कॉलरवर २०१० मध्येच बंदी घातली.

आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. जनावराला आखूड किंवा जड साखळीनं तासन्‌तास बांधणं, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणं, ही त्याच्या कलम ११ नुसार क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाला कोण भितो? त्यामुळे बेजुबान जनावराची जबाबदारी शेवटी मालकाच्या नियतीवरच येते.

पुढच्या वेळी पट्टा विकत घेताना तो उलटा करून आतल्या बाजूवरून अंगठा दाबून फिरवा. अंगठ्याला टोचलं, तर दुकानदाराला परत द्या.