आधी हक्क, शेवटी कर्ज

‘पंचवीस ओलांडलेला मुलगा, एवढा मेडिक्लेम काढून ठेवायला काय झालं होतं?’ तरणाताठा मुलगा आयसीयूत असतो आणि भेटायला येणारे आई-बापांना हे विचारतात. पाठोपाठ सल्ला येतो, ‘आता सोनं मोडा, कर्ज काढा, पण पोराला वाचवा.’ बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसते. तरीही त्यांचा प्रश्न अन्यायाचा आहे आणि सल्ला घात करणारा आहे. महाराष्ट्रात अशा घरासाठी कायद्याने ठेवलेली मदत आहे. आपण ती सगळ्यात शेवटी मागतो, आणि तोवर ती बहुतेक हातची गेलेली असते.

आधी प्रश्नाकडे पाहू. कंपनीच्या सामूहिक विम्यात आई-वडिलांच्या आधारावर असलेले मूल साधारणपणे पंचविसाव्या वर्षापर्यंतच धरले जाते. कामगार राज्य विमा योजनेतही मुलासाठी वयाची मर्यादा आहे. नेमक्या त्या वयात मुले कुठे असतात? कुणी कंत्राटी कामावर, कुणी मोटारसायकलवरून पार्सले पोहोचवत, कुणी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या तयारीत. स्वतःच्या नावाने कामगार विमा मिळायचा तर नोंदणी झालेल्या आस्थापनेत नोकरी हवी आणि पगार महिना 21,000 रुपयांच्या आत हवा. खासगी पॉलिसी घेतली तरी अपघात सोडून बाकी आजारांना पहिले 30 दिवस संरक्षण नसते आणि आधीपासूनच्या दुखण्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणजे लहानपणापासून मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मुलाला विमा जिथे सर्वाधिक हवा, तिथेच तो उशिरा पोहोचतो.

ज्यांना परवडते त्यांनी विमा जरूर घ्यावा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेला आहे. पण हा उद्याचा शहाणपणा झाला. आज खाटेवर पडलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही. शिवाय, 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. जिथे देशाचा हिशेबच असा आहे, तिथे एका घराला निष्काळजी ठरवून मोकळे होता येत नाही.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो आणि तो अधिक नुकसान करतो. ‘त्या योजना गरिबांच्या. आपण दोन वेळ जेवून सुखी आहोत, आपण कशाला हात पसरायचा?’ या बोलण्यामागचा स्वाभिमान मला कळतो, पण त्याच्या आधाराला वस्तुस्थिती नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 मध्ये दुसऱ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा ती पिवळ्या-केशरी कार्डांपुरती होती. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या कार्डासह सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली आणि कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आले. या योजनेत कुटुंब म्हणजे शिधापत्रिकेवर नाव असलेली माणसे. मुलगा चोवीसचा की एकतीसचा, कमावता की बेकार, याने त्यात फरक पडत नाही. कार्ड बीडचे असले तरी पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या अंगीकृत रुग्णालयात ते चालते. म्हणून मूल शिकायला किंवा नोकरीला शहरात गेले की शिधापत्रिकेवरून त्याचे नाव कमी करण्याची घाई करू नये. दुसरीकडे नाव चढेपर्यंत पहिले राहू द्यावे.

तोच गैरसमज धर्मादाय रुग्णालयांबद्दल आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम 41 कक आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 मधल्या आदेशाने लागू झालेली योजना यांनुसार या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. निर्धनांसाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 80 हजार आहे आणि दुर्बल घटकांसाठी 3 लाख 60 हजार. दुसरा आकडा बाराने भागून पाहा. महिन्याला तीस हजारांत चालणारे घर या मर्यादेत बसते. दुकानातला सेल्समन, रिक्षाचालक, विनाअनुदानित शाळेतला शिक्षक, अशी कितीतरी घरे स्वतःला मध्यमवर्गीय समजून हा दरवाजा ठोठावतच नाहीत.

तिसरा आक्षेप रुग्णालयांचा आहे. ‘औषधे, इम्प्लांट, पगार, सगळे महाग झाले. सरकारी पॅकेजचे दर अपुरे आणि पैसे उशिरा. फुकट खाटा देत बसलो तर आम्हीच बंद पडू.’ यातला पॅकेजच्या दरांचा भाग खरा आहे. सरकारने दर वेळोवेळी वाढवले पाहिजेत आणि देणी वेळेवर दिली पाहिजेत, हे रुग्णांच्याच हिताचे आहे. पण धर्मादाय खाटांना हा युक्तिवाद लागू होत नाही. न्यायालयाच्या योजनेत ‘निर्धन रुग्ण निधी’ आहे. इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम त्यात जमा करायची आणि निर्धन व दुर्बल रुग्णांच्या औषधोपचारासाठी वापरायची असते. पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या बिलांतून हा निधी उभा राहतो. त्याखेरीज सार्वजनिक न्यास म्हणून आयकरातली सूट मिळते, आणि कितीतरी न्यासांना सवलतीची जमीन किंवा वाढीव चटईक्षेत्रही मिळालेले आहे. समाजाने आधीच मोजलेल्या किमतीचा वाटा एखादा बाप मागतो, तेव्हा तो याचक नसतो. ‘फंड संपला’ असे खिडकीवर तोंडी सांगितले, तर तेच लेखी मागावे आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करावी. लेखी नकार द्यायचा म्हटले की हिशेब तपासावाच लागतो.

चौथे वाक्य सर्वांत घातक. ‘आता पैसे भरा, योजनेचे नंतर बघू.’ नंतर बघायला काही उरत नाही. जन आरोग्य योजना रोकडविरहित आहे. उपचाराआधी मंजुरी घेतली जाते आणि पैसे थेट रुग्णालयाला जातात. मुख्यमंत्री सहायता निधीची रक्कमही रुग्णालयाच्या खात्यात जमा होते, आपण भरलेल्या बिलाची भरपाई म्हणून ती मिळत नाही. सोने मोडून बिल भरले की घर आपल्याच हाताने या मदतीबाहेर पडते. ‘सोनं मोडा’ हा सल्ला मी घात करणारा म्हणतो तो यासाठी.

म्हणून माझे म्हणणे क्रमाबद्दल आहे. दाखल करतानाच तीन गोष्टी विचाराव्यात. हे रुग्णालय जन आरोग्य योजनेत आहे का? ते धर्मादाय आहे का? योजनेचे आरोग्यमित्र किंवा रुग्णालयाचे वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात? उत्तर टाळले गेले तर योजनेच्या 155388 या क्रमांकावर विचारावे. जीव धोक्यात असताना उपचार आधी, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 मध्येच सांगून ठेवले आहे. एका नातेवाइकाने मुलाजवळ थांबावे, दुसऱ्याने शिधापत्रिका, आधार आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला यांच्यामागे लागावे. रुग्णालय योजनेत नसेल, तर प्रकृती स्थिर होताच, डॉक्टरांच्या संमतीने, योजनेतल्या किंवा सरकारी रुग्णालयात हलवण्यात कसलाही कमीपणा नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत.

एवढे करूनही खर्च उरला, तर रुग्णालयाकडून खर्चाचे अंदाजपत्रक घेऊन मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, सिद्धिविनायक मंदिर न्यास, टाटा ट्रस्ट्स यांच्याकडे अर्ज करावेत. इंटरनेटवर मुलाचा फोटो टाकून वर्गणी मागणे त्यानंतर, कारण तिथे दुःख लोकांसमोर मांडावे लागते आणि मदत पाहणाऱ्याच्या मर्जीवर राहते. कर्ज आणि दागिने सर्वांत शेवटी. बिल हातात पडल्यावरही तपशीलवार बिल मागण्याचा हक्क राहतो. पैसे थकले म्हणून रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत स्पष्ट आहे.

मात्र हा क्रम लक्षात ठेवण्याचा भार घाबरलेल्या आई-बापांवर टाकून भागणार नाही. अनामत रकमेचा आकडा रुग्णालय न विचारता सांगते. मग दाखल करण्याच्या अर्जावरच रुग्ण कोणत्या योजनेस पात्र आहे, हे नोंदवणारा रकाना हवा, आणि तो भरल्याशिवाय अनामत घेण्यास मनाई हवी. हा नियम सरकारने करावा आणि तो होईपर्यंत आपण प्रत्येक खिडकीवर तशी नोंद मागत राहावी.